हादऱ्यांचा मे महिना

गेल्या आठवड्यात दुपारी मांडणीतले ग्लास एकमेकांवर किणकिणले आणि मी हातातली पळी तशीच घेऊन जिन्यापर्यंत पोचले. पायांत चपला नाहीत, गॅस चालू, ओढणी एकाच खांद्यावर. करंजाड्याला नवव्या मजल्यावर राहणारी, चाळिशी ओलांडलेली, एरवी बरीचशी शहाणी बाई आमटीची पळी घेऊन जिन्यात उभी. मागून मुलगी म्हणाली, "आई, अगं टेकडी फोडतायत. रोजच फोडतात." तिचं बरोबर होतं. पलीकडची टेकडी सपाट करण्याचं काम महिनाभर चालू आहे आणि मला ते चांगलं माहीत आहे. पण मे महिना होता, दुपार होती, आणि पायांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मी आत आले, गॅस बारीक केला आणि एकटीच बराच वेळ हसत बसले.

मी लहान असताना आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा ते खरोखरच नवीन होतं. चार मजली इमारतींच्या रांगा, मधूनमधून मोकळे प्लॉट, त्यांत पावसाळ्यात बेडूक आणि उन्हाळ्यात धूळ. बाबा रसायनीच्या कारखान्यात फिटर होते. गिरगावातल्या भाड्याच्या एका खोलीतून आम्ही या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो तेव्हा बाबांनी पहिले आठ दिवस प्रत्येक खिडकी नुसती उघडून आणि लावून बघितली. आई मात्र बिचकूनच होती. तिला शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू आल्याशिवाय झोप लागायची नाही, आणि इथल्या भिंती पक्क्या होत्या.

आजूबाजूच्या डोंगरांना तेव्हा दगडाच्या खदाणी लागलेल्या होत्या. दुपारची जेवणं उरकायच्या सुमाराला खदाणीत सुरुंग उडवत. आधी लांबून भोंगा, मग जराशी शांतता, मग जमिनीतून एक गुरगुर वर यायची, काचा थरथरायच्या, आणि संपलं. मुंबईहून आलेले पाहुणे घास हातात धरून आमच्या तोंडाकडे बघत. आम्ही "सुरुंग" एवढंच म्हणायचो आणि ताक वाढून घ्यायचो. त्या धक्क्यांचा आम्हाला अभिमानच होता म्हणा ना. आईने तर दिवसच त्याच्यावर बसवला होता. सुरुंगाच्या आत जेवणं व्हायला हवीत, सुरुंगानंतर भांडी, आणि मग कुणी हाक मारायची नाही. बाबांची रात्रपाळी असली की ते दुपारभर झोपायचे, आणि सुरुंगाने त्यांची कूससुद्धा बदलायची नाही.

तो उन्हाळा किल्लारीनंतरचा. तिकडे काय झालं ते वर्तमानपत्रातल्या फोटोंत सगळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या शाळेतून कपडे आणि धान्य गेलं होतं, आईने लग्नातली एक चांगली चादर त्यात घातली होती. पण ते सगळं लांब होतं. आपल्या पायाखाली तसं काही असेल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. कोकणच्या माणसाला समुद्राची भीती माहीत, सापाची माहीत, पावसाची तर हाडात मुरलेली. जमिनीला घाबरायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पापडांचे दिवस होते. आमच्या इमारतीत पापड एकटीने करायची पद्धत नव्हती. आज एकीचे, उद्या दुसरीचे, आणि जिचे असतील तिच्या पिठाला बाकीच्यांची लाटणी. त्या दिवशी आमचे होते. दुपारचं ऊन जरा कलल्यावर सगळ्याजणी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोळपाट मांडून बसल्या होत्या. जुन्या साडीवर पापड वाळत पडले होते आणि कावळे हाकलायला मी आणि माझी धाकटी बहीण मिनी. हाकलण्यापेक्षा आमचं लक्ष उडदाच्या कच्च्या लाट्यांवर जास्त. त्या तेलात बुडवून खाल्ल्या की पोट दुखतं असं आई दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी खायला द्यायची.

आईच्या शेजारी सईदाभाभी बसल्या होत्या. त्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या, मूळच्या उरणकडच्या. त्यांचे यजमान मस्कतला नोकरीला, दोन वर्षांतून एकदा यायचे. पापड इतका पातळ लाटायच्या की त्यातून पोळपाटाची नक्षी दिसावी. काहीतरी बोलणं चाललं होतं, आणि गच्ची गुरगुरली.

"सुरुंग," कुणीतरी म्हटलं, आणि लाटणी चालू राहिली. शपथेवर सांगते, दोनतीन पापड त्या हादऱ्यातच लाटले गेले असतील. मग आईचा हात थांबला. "पण सुरुंग तर मघाशी झाला ना?" ती म्हणाली. तेवढ्यात टाकीतलं पाणी डचमळून झाकणाच्या कडेने बाहेर आलं, आणि वाळत घातलेले पापड साडीवरच्या साडीवर, कुणी हळूच ओढावं तसे, सरकायला लागले.

"या अल्ला," सईदाभाभी म्हणाल्या, "वहिनी, हा सुरुंग नाय!"

पुढचं मला जिन्याच्या आवाजावरूनच आठवतं. चपलांचा, बांगड्यांचा, कुणाच्या तरी रडण्याचा. आईने एका हाताने मिनीचं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हाताने परात कमरेवर. परातीत ओल्या फडक्याखाली आमचं पापडाचं पीठ. मी तिच्या मागे, पदराला धरून. चौथा मजला, तिसरा, दुसरा, पहिला. खाली प्लॉटवर पोचलो तेव्हा जमीन कधीच थांबली होती. माणसं मात्र थरथरत होती.

आजूबाजूच्या इमारतींतलं सगळं जग खाली उतरलं होतं. तळमजल्यावरचे पाटणकरकाका, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत डोकी मोजत होते. आईने आम्हा दोघींच्या अंगावरून हात फिरवून सगळं जागच्या जागी आहे याची खात्री केली. परात नीट खाली ठेवली. पिठावरचं फडकं सारखं केलं. आणि सईदाभाभींनी विचारलं, "वहिनी, भाईसाहेब कुठं आहेत?"

आईचा चेहरा मी तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. बाबा वर होते. रात्रपाळी करून आलेले, जेवून झोपलेले. आपल्याच दारावरून आम्ही खाली आलो होतो.

पाटणकरकाका तसेच साबणासकट वर पळाले. आम्ही खालून त्यांचं दार ठोकणं ऐकत होतो. बऱ्याच वेळाने बाबा बनियन आणि लुंगीवर गॅलरीत आले, डोळे चोळत. दार ठोकून उठवण्याचं मे महिन्यात त्यांच्या दृष्टीने एकच कारण असू शकत होतं. त्यांनी खाली जमलेल्या सगळ्या कॉलनीकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "पाणी आलं का?"

जे हसू फुटलं त्याला तोड नाही. भेदरलेली माणसं किती मोठ्याने हसतात ते मी तेव्हा पाहिलं. पाटणकरकाका नंतर कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत, "वहिनी उडदाचं पीठ घेऊन सुखरूप उतरल्या. अहो तेवढे वर राहिले." बाबांनाही ते फार आवडलं. जेवताना पापड वाढला की ते पापडाला नमस्कार करायचे. "आमच्यापेक्षा यांचा मान मोठा," म्हणायचे. आई हसायची. सगळ्यांच्या आधी हसायची.

त्या धक्क्याने खरं तर काही झालं नाही. दोन इमारतींच्या गिलाव्याला तडे गेले, एकीच्या फडताळातली बरणी फुटली. सुकापूरहून भाजी घेऊन येणारी हिराबाय दुसऱ्या दिवशी टोपली उतरवत म्हणाली, "आमाला तं कायच नाय समजला. कोंबऱ्या तेवढ्या वरडल्या. तुमी वर वर राता, म्हनून तुमाला लागला." आणि भेंडी नेहमीच्याच भावाने दिली. ज्यांनी खरा भूकंप सोसला त्यांच्यापुढे आमच्या या हादऱ्याचं नाव काढायचीही लाज वाटते. पण भीती काही असला विचार करत नाही.

आणि भीतीने आमच्यावर फार मजेदार सूड उगवला. आधी खऱ्या भूकंपाला आम्ही सुरुंग समजलो होतो. आता रोजच्या सुरुंगाला भूकंप समजायला लागलो. भोंगा वाजलेला सगळ्यांनी ऐकलेला असायचा. आता धक्का बसणार हे ठाऊक असायचं. तरी काचा थरथरल्या की चारही मजल्यांवरची दारं एकदम उघडायची आणि सगळी बिऱ्हाडं जिन्यात. आपण कुणाला घाबरून पळतोय हे माहीत असूनही पळायचं. काही दिवसांनी लोकांना त्याची लाज वाटायला लागली, आणि मग त्यावर एक तोडगा निघाला. भोंग्याच्या आधीच, जणू काही सहज म्हणून, खाली यायचं. हातात काहीतरी काम घेऊन. कुणी शेंगा सोलायला, कुणी स्वेटर विणायला. मे महिन्यात पनवेलला स्वेटर! बदामाच्या झाडाखाली सतरंज्या पडायला लागल्या, पुरुषांचा पत्त्यांचा डाव बसायला लागला. सुरुंग झाला की सगळे एकमेकांकडे बघून "झाला" म्हणत, आणि वर जायचं कुणाच्याच मनात नसे.

माझ्या लहानपणातल्या सगळ्यात सुंदर दुपारी या आहेत. एरवी ज्यांच्या दारावरच्या फक्त पाट्या माहीत होत्या त्या माणसांचे आवाज कळले. पाटणकरकाका पत्त्यांत फसवतात हे कळलं. सईदाभाभी हापूसच्या रसातली सांदणं करून आणायच्या, पिवळीधमक, लुसलुशीत, आणि नारळाच्या दुधात बुडवून पहिलं माझ्या हातावर ठेवायच्या. माझा हात धुतलेला असला तर, अशी अट असायची.

पहिल्या दिवशी कुणी काय घेऊन खाली आलं, हा या बैठकीतला आवडता विषय. कुणी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणला होता, कुणी इस्त्रीचे कपडे. पाटणकरकाकांच्या हातात पंपाच्या खोलीची किल्ली होती. सईदाभाभींनी काय आणलं ते त्या सांगत नव्हत्या. फार आग्रह झाला तेव्हा लाजून म्हणाल्या, "कॅसेट." गच्चीवरून उतरताना त्या क्षणभर घरात शिरल्या होत्या आणि कपाटावरची कॅसेट उचलून निघाल्या होत्या. मस्कतहून भाई, म्हणजे त्यांचे यजमान, बोलून टेप करून पाठवायचे. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा. त्या कॅसेटमध्ये ते घरच्यांची चौकशी करायचे, खोकायचे आणि मधेच गप्प बसायचे, असं भाभी म्हणाल्या. सगळ्याजणी हसल्या. आई हसली नाही.

त्याच सुमाराला नाशिकच्या मामांचा निरोप आला. तिकडच्या एका कारखान्यात फिटरची जागा होती, मामांची ओळख होती, शाळा सुरू व्हायच्या आत काय ते कळवायचं होतं. एरवी बाबांनी दोन वाक्यांत नाही म्हटलं असतं. पण या वेळी आई धरून बसली. "मला इथे राहायचं नाही," ती म्हणाली. तिसरा मजला नको, खदाणी नकोत, हा जिना नको. बाबा समजूत घालायला लागले की ती म्हणायची, "तुम्हाला काय, तुम्ही झोपलेले असता." बाबा खिडकीशी जाऊन उभे राहायचे. शेवटी एकदा म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत थांबू. तेव्हाही तुला असंच वाटलं तर जाऊ." त्यांनी ते इतकं सरळ म्हटलं की मला त्यांची फार दया आली. मला स्वतःला नाशिकला अजिबात जायचं नव्हतं. पण मला कोण विचारतंय!

मला वाटायचं, आई भूकंपाला घाबरली आहे. आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटत होतं. एका दुपारी मी सतरंजीवर झोपेचं सोंग घेऊन पडले होते. मोठ्यांचं बोलणं ऐकायचा तेवढा एकच मार्ग असतो. आई सईदाभाभींना हळू आवाजात सांगत होती.

"तुमचा माणूस समुद्रापलीकडे, तरी तुम्ही त्याला घेऊन खाली आलात. माझा घरात होता."

"वहिनी, पोरी होत्या ना हातात तुमच्या."

"एका हातात पोर, दुसऱ्या हातात पीठ. पीठ आठवलं मला, सईदा. दारावरून गेले मी. आपलं दार, आपली पाटी, सगळं दिसलं. पण ते आत आहेत हे एकदाही आठवलं नाही. उद्या परत झालं तर मी परत तशीच पळेन. मला त्या घरात स्वतःचीच भीती वाटते."

भाभींनी आईच्या मांडीवर हात ठेवलेला मला पापण्यांच्या फटीतून दिसला. मी कूस बदलली, कारण मला रडू येत होतं. आईला घर नको नव्हतं. त्या घरात सापडलेली एक बाई तिला नको होती.

हे मला पुढेही फार वेळा आठवलेलं आहे. जमीन काही क्षण हलते आणि थांबते, आणि तेवढ्यात आपण कोण आहोत याची एक चिठ्ठी कुणीतरी हातात देऊन जातं. बहुतेकांची चिठ्ठी कोरी असते, किंवा त्यावर पंपाची किल्ली असं काहीतरी किरकोळ निघतं. आईने तिची चिठ्ठी खरी मानली. इतका संसार केलेल्या, रोज बाबांचा डबा, बाबांचं पथ्य, बाबांची झोप जपणाऱ्या बाईने पळतानाचे ते काही क्षण खरे धरले आणि बाकीची वर्षं खोटी. आज माझ्या मुलीने असं केलं तर मी तिला खडसावून सांगेन की वेडी आहेस का. पण आईला तसं सांगणारं कुणी नव्हतं, आणि बाबा तर पापडाला नमस्कार करत होते.

मे संपत आला. पापड डब्यांत गेले, माथेरानच्या डोंगरावर ढग टेकायला लागले. पावसात खदाणी बंद पडतात, म्हणून शेवटच्या दिवसांत तिथे कामाची घाई असे. कॉलनीत मात्र दुपारी घरं ओस असल्याने चोऱ्यांची आवई उठली होती, आणि बाबा आतून कडी लावून झोपायला लागले होते.

त्या दुपारी भोंगा वाजला होता का नव्हता, यावर आजही आमच्या घरी एकमत नाही. आम्ही सगळ्या बदामाखाली बसलो होतो. आई तांदूळ निवडत होती. एकदम गुरगुर आली, नेहमीपेक्षा मोठी, आणि ती थांबायच्या आत दुसरी. सतरंजीवरचे पत्ते सरकले. वर राहिलेली चारदोन माणसं किंचाळत जिन्याने खाली यायला लागली. आणि आई उठली. सूप उलटं झालं, तांदूळ मातीत गेले. ती त्या येणाऱ्या माणसांमधून जिन्यात घुसली. पाटणकरकाका तेव्हा पंपाकडून येत होते. "वहिनी, अहो उलट्या कुठे निघालात?" त्यांनी हात आडवा केला. आईने तो बाजूला ढकलला. पाटणकरकाकांना!

मी तिच्या मागे पळाले. दुसऱ्या मजल्यावर तिची एक चप्पल राहिली, ती मी उचलली. आमचं दार तिने खांद्याने ढकललं. कडी होती. तिने दोन्ही मुठींनी दार बडवायला सुरुवात केली. "अहो! अहो, उठा! अहो!" आत काही हालचाल नाही. आणि मग माझ्या आईने, जिने लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, सगळा जिना दणाणेल अशी हाक मारली, "श्रीधर! श्रीधर, दार उघडा!"

कडी निघाली. बाबा दारात. त्यांना भूकंपाचं काही नव्हतं, ते आपल्या नावानेच हबकले होते. तेवढ्यात खालून आरोळ्या आल्या, "सुरुंग होता! दोन लावले होते! सुरुंग, सुरुंग!" आणि खाली हशा पिकला.

"सुरुंग होता गं," बाबा म्हणाले.

"असू दे." आईला धाप लागली होती. तिने दाराची चौकट धरली होती आणि हातांच्या मुठी अजून तशाच होत्या. "असू दे सुरुंग. मी आले की नाही?"

बाबांच्या तोंडावर नेहमीचं थट्टेचं काहीतरी येऊन गेलेलं मला दिसलं. पण त्यांनी ते गिळलं. त्यांना तेव्हा बहुतेक सगळंच कळलं असावं.

"आलीस," ते म्हणाले.

आई आत जाऊन त्यांच्या कॉटवर बसली आणि रडली. बाबा शेजारी उभे राहिले. त्यांना तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण मी दारात चप्पल घेऊन उभी होते, म्हणून त्यांनी पंखा वाढवला. त्या दुपारी आई पुन्हा खाली गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. सईदाभाभी विचारायला वर आल्या तेव्हा तिने त्यांनाच आत बसवलं.

संध्याकाळी ती मिनीची वेणी घालत होती. बाबा कामावर निघायच्या तयारीत होते. बूट घालता घालता त्यांनी विचारलं, "मग नाशिकला काय कळवू?"

"येत नाही म्हणून कळवा," आई वेणीतून मान वर न करता म्हणाली. "आणि उद्यापासून झोपताना आतून कडी लावायची नाही."

"आणि चोर आला तर?"

"येऊ दे."

बाबा निवृत्त होईपर्यंत, म्हणजे माझं लग्न झालं त्यानंतरही कितीतरी वर्षं, आमचं दार दुपारी नुसतं लोटलेलं असायचं. हिराबाय भाजी थेट ओट्यावर नेऊन ठेवायची, शेजारचं मांजर दूध पिऊन जायचं, वर्गणीवाली पोरं बैठकीच्या खोलीत येऊन हाका मारायची. बाबा आत घोरत असायचे. आई कुठेही असली तरी एका धक्क्यात उघडेल असं ते दार होतं.